हापूसची वेबसाइट: पैसा सजावटीवर की जाहिरातीवर?

देवगड-रत्नागिरीकडचे अनेक बागायतदार आता दलालाला टाळून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी पाठवतात. त्यासाठी वेबसाइट करा, असा सल्ला त्यांना सगळेच देतात. पण हाताशी असलेल्या पैशांतले वेबसाइटवर किती घालायचे आणि जाहिरातीवर किती, हे बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर ठरते. हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा, त्यामुळे चुकलेला हिशेब त्याच वर्षी सुधारता येत नाही.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे साइट देखणी झाली की गिऱ्हाईक आपोआप येते. गूगलच्या शोधात आपले पान दिसावे म्हणून पैसे भरावे लागत नाहीत हे खरे, पण वेळ द्यावाच लागतो. त्यासाठी केलेल्या कामाचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्षभर लागू शकते, असे गूगलच सांगते. फेब्रुवारीत घाईने उभी केलेली साइट त्याच मे महिन्यात कोणाला सापडण्याची शक्यता कमी. ती मोहर येण्याआधी, दिवाळीच्या सुमारास सुरू झालेली बरी. तोवर गूगल नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करावी. तिला एक पैसाही लागत नाही.

याच्या नेमका उलटा समजही तितकाच पसरलेला आहे: साइट कशीही असू दे, जाहिरात जोरात करू. समजा जाहिरातीवर १०,००० रुपये घातले आणि एका क्लिकला १० रुपये पडले, तर हजार माणसे साइटवर येतील. त्यांतल्या शंभरात एकाने पेटी मागवली तर दहा ऑर्डरी झाल्या, म्हणजे एका ऑर्डरीमागे १,००० रुपये जाहिरातीत गेले. पेटीत उरते काय? पान सुधारून शंभरात दोघे मागवू लागले, तर तोच खर्च ५०० वर येतो. शिवाय गूगल जाहिरातीची जागा केवळ जास्त बोली लावणाऱ्याला देत नाही. क्लिक केल्यावर उघडणारे पान उपयोगी आहे का, हेही त्यात मोजले जाते. पान वाईट असेल तर त्याच जागेसाठी जास्त पैसे मोजावे लागू शकतात. म्हणून हे दोन खर्च एकमेकांपासून वेगळे धरणेच मला चुकीचे वाटते.

चांगले पान म्हणजे भपकेबाज पान, असे मात्र नव्हे. लंडनच्या बू डॉट कॉम या कपड्यांच्या ऑनलाइन दुकानाने नोव्हेंबर १९९९ मध्ये साइट सुरू केली. फिरवून पाहता येणारी चित्रे, बोलकी सहायिका, जोडीला मोठी जाहिरात असा थाट होता. त्या वेळी घरोघरी टेलिफोनच्या तारेवरचे संथ इंटरनेट होते, त्यावर हे पान उघडता उघडेना. मे २००० मध्ये कंपनी बुडाली, तोवर एकूण सुमारे १३.५ कोटी डॉलर खर्च झाले होते. आज पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची शिफारस आहे. बागेचे ड्रोनने काढलेले जड व्हिडिओ पहिल्याच पानावर टाकणाऱ्याने हे जरूर लक्षात घ्यावे.

मग साइटवरचा पैसा कशासाठी? गिऱ्हाइकाच्या शंका फेडण्यासाठी. हापूसच्या बाबतीत पहिली शंका अस्सलपणाची असते, कारण दुसरीकडचा आंबाही हापूस म्हणून खपवला जातो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपली त्याखाली नोंदणी असेल तर ती ठळक दाखवावी. स्वतःच्या बागेचे खरे फोटो, पेटीत किती डझन, फळाचे वजन, पिकवण्याची पद्धत, पेटी कोणत्या दिवशी निघेल, फळ खराब निघाले तर काय करणार, एवढे स्वच्छ मराठीत लिहिले आणि यूपीआयने पैसे भरायची सोय ठेवली, की बरेचसे काम होते.

‘तीस टक्के साइटला, सत्तर जाहिरातीला’ अशी सूत्रे सर्रास सांगितली जातात. सर्वांना लागू पडेल असे प्रमाण नाही. साइट पहिल्या वर्षी जास्त खाते, पुढे मुख्यतः डोमेन आणि होस्टिंगचा वार्षिक खर्च उरतो. जाहिरात थांबली की तिच्यातून येणारी माणसेही थांबतात. डोमेन मात्र साइट बनवणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावावर घ्यावे. साइट सुरक्षित करणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळते, तेव्हा बिलात त्याची मोठी रक्कम दिसली तर विचारावे. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. कर धरून १०,००० भरले तर प्रत्यक्ष जाहिरातीला सुमारे ८,४७५ रुपयेच उरतात. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त आंबा विकणाऱ्याला हा कर वळता करून घेता येत नाही.

आणखी एक समज असा, की दरवर्षी नवे गिऱ्हाईक विकतच घ्यावे लागते. गेल्या वर्षी पेटी आवडलेल्या घराला निरोप पोचवायला जाहिरात कशाला? व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतला संदेश मात्र ज्याने आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यालाच पोचतो. म्हणून पहिल्याच पेटीत नंबराची चिठ्ठी घालावी, तो साठवून ठेवण्याची विनंती करावी, आणि ऑर्डर घेताना ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हे विचारून वहीत लिहावे. पुढच्या वर्षी कोणता खर्च वाढवायचा आणि कोणता तोडायचा, ते त्या वहीवरूनच ठरवता येईल.