कागदाचं माहेर

अर्नाळा किल्ल्याच्या तटावरून उत्तरेला पाहिलं की वैतरणेच्या मुखापलीकडे दातिवऱ्याचा किनारा दिसतो. आकाश निवळलेलं असलं की तिथली झाडं मोजता येतील असं वाटतं. माझ्या आजोबांच्या जन्माची नोंद त्या किनाऱ्यावरची होती आणि मी ती चार महिने या किनाऱ्यावर शोधत होतो.

पुतण्याच्या जात पडताळणीसाठी पुरावा हवा होता. आम्ही मांगेला, म्हणजे विशेष मागास प्रवर्ग. या प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला कागद मिळाला की निम्मं काम होतं. आजोबा शाळेत गेले नव्हते, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला नाही. जमीन नव्हती, त्यामुळे सातबारा नाही. उरली जन्माची नोंद. अर्नाळ्याचं दप्तर वर्षावर्षाने पाहून झालं. एका कार्यालयात तर ‘नोंद आढळत नाही’ एवढंच अर्जावर लिहून तो परत हातात दिला. कोणती वर्षं पाहिली, याचा उल्लेखही नाही. शेवटी एका पावसाळी दुपारी ओटीवर जाळं सांधत बसलेली आत्या सहज म्हणाली, “अरे, बाबा थोरले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ना!”

पणजीचं माहेर दातिवरे.

त्यानंतर मला या शोधाचा नाद लागला. ओळखीपाळखीचं कुणी जुना दाखला शोधायला निघालं की मी आधी विचारतो, आईचं माहेर कुठलं? जन्म-मृत्यूची नोंद माणूस राहतो तिथे होत नाही, घटना घडते तिथे होते. आजही तसंच आहे. अर्नाळ्याच्या बाईचं बाळ विरारच्या दवाखान्यात जन्मलं तर दाखला महापालिकेचा, गावातच जन्मलं तर ग्रामपंचायतीचा, आणि किल्ल्यावर, म्हणजे बेटावर जन्मलं तर अर्नाळा किल्ला ग्रामपंचायतीचा. बेटाची ग्रामपंचायत वेगळी आहे, हे गावाबाहेरच्या पुष्कळांना माहीत नसतं. त्यात ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली तेव्हा चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची अनेक गावं तिच्यात गेली. त्याआधीचा विरारचा जन्म असेल तर नगरपरिषदेची जुनी पुस्तकंच उघडावी लागतात.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याचा आदेश. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. नोंद सापडली नाही तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा रीतसर दाखला मागून घ्यावा. उशिराच्या नोंदणीला आणि परदेशी वकिलातीत तोच उपयोगी पडतो.

खरी मजा १९७० च्या आधीच्या दप्तरात आहे. तेव्हा गावात कुणी जन्मलं, कुणी गेलं की ते पोलीस पाटलाच्या कानावर घालायचं, आणि ते पुस्तकात चढायचं. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, सरकारी भाषेत गाव नमुना १४. ही पुस्तकं आता तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षात असतात. जुनी पानं मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. मी त्याच्या आधीच शिकायला लागलो होतो, या एका पुस्तकासाठी. सलग लिहिलेली ओळ पहिल्यांदा वाचता आली, तो दिवस मला आठवतो. ‘ताप’ हा शब्द होता. मृत्यूच्या रकान्यात. त्याच्याखाली पुन्हा ताप, पुन्हा ताप. १९१८ ची साथ वाचावी तर या रकान्यांत वाचावी.

दातिवरे तेव्हाच्या माहीम, आताच्या पालघर तालुक्यातलं. म्हणजे वसईची तहसील सोडून पालघर गाठायचं. साल कुणालाच नक्की माहीत नव्हतं. घरात एवढंच बोललं जायचं की बाबा नारळी पुनवेच्या चार दिवस आधीचे, आणि पणजोबांची होडी अजून पाण्यात उतरायची होती. मी सहा वर्षं गृहीत धरली, जुन्या पंचांगांतून त्या सहाही वर्षांच्या श्रावणी पौर्णिमेच्या तारखा काढल्या आणि दर वर्षाचे फक्त पुढचे-मागचे पंधरा दिवस पाहायचे ठरवलं. हा उपाय मी सगळ्यांना सांगतो. जुन्या माणसाला तारीख विचारू नये, सण विचारावा, हंगाम विचारावा.

चौथ्या वर्षात नोंद सापडली. पानाच्या कडा कुसकरलेल्या, बोट लावलं तर हातात येतील अशा. जन्माची तारीख एका रकान्यात, लिहिल्याची दुसऱ्या. दोहोंत आठ दिवसांचं अंतर. बापाचं नाव, राहणार अर्नाळें, जात मांगेला, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. नाव नाही. बारसं बाराव्या दिवशी. पाटलाने लिहिलं तेव्हा मुलाला नावच नव्हतं. म्हणून जुन्या नोंदींत मुलाचं नाव शोधत बसणं व्यर्थ, बापाचं शोधायचं.

आमच्या शेजारच्या ख्रिस्ती बांधवांची पुस्तकं याहून बोलकी. आगाशी, नंदाखाल, निर्मळ या चर्चच्या परिसरात फिरताना बाप्तिस्म्याच्या नोंदवहीची रीत मला समजली आणि मी तिच्या प्रेमातच पडलो. बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी समास मोकळा ठेवलेला असतो. पुढे त्या मुलीचं लग्न दुसऱ्या धर्मग्रामात झालं की तिथले फादर तिच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवतात आणि ते या समासात लिहिलं जातं. मुलगी सासरी जाते, तिच्या लग्नाची खबर माहेरच्या पानावर परत येते. सरकारी पुस्तकात अशी सोय नाही, आणि ती हवी होती असं मला मनापासून वाटतं. अशी पानं सगळ्या काळांची मात्र मिळत नाहीत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले, १८६२ मध्ये संत झाले. त्यांच्या मृत्यूचा दिवस जगाला ठाऊक आहे, ५ फेब्रुवारी. जन्माचं साल मात्र अंदाजानेच सांगतात.

लग्नाचं आता सोपं आहे. १९९८ च्या राज्याच्या कायद्याने गावात ग्रामपंचायतीतच नोंदणी होते. घटस्फोटाचा ‘दाखला’ असा काही नसतो, हे मात्र लोकांना पटवता पटवता दमायला होतं. असतो तो न्यायालयाचा हुकूमनामा. त्याची प्रमाणित प्रत त्याच न्यायालयाच्या नक्कल विभागातून मिळते, आणि दावा क्रमांक व साल हाताशी असेल तर लवकर मिळते. चर्चच्या न्यायालयाने विवाह रद्द ठरवला तरी दिवाणी हुकूमनाम्याशिवाय कायद्याने तो मोडत नाही. आणि न्यायालय कुठलं? २००३ च्या दुरुस्तीपासून हिंदू विवाह कायद्याखाली बायको जिथे राहते तिथेही दावा लावू शकते. सासर सोडून आलेली मुलगी बहुधा माहेरीच राहते. म्हणजे फिरून तोच प्रश्न.

एकाच कागदापुढे माझं काही चालत नाही. समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही आणि देहही मिळाला नाही, तर मृत्यूची नोंद करायची कशाच्या आधारावर? कायदा सात वर्षं माणसाची काहीच खबर नसली की मृत्यू गृहीत धरतो, तेही न्यायालयात जाऊन. कोळीवाड्यातल्या अशा बायकांना मी अर्ज लिहून देतो, तेवढंच.

पालघरहून नक्कल घेऊन आलो तेव्हा आत्या ओटीवरच होती. तिला झेरॉक्सवर बोट ठेवून एकेक रकाना वाचून दाखवला. “बाबांचं नाव नाही?” तिने विचारलं. बारशाचं सांगितलं. तिने मान हलवली. “आणि आजीचं?”

त्या पानावर आईच्या नावाचा रकानाच नव्हता. आत्याने नातवाच्या दप्तरातली पेन्सिल मागून घेतली, नोंदीच्या बाजूच्या कोऱ्या जागेत पणजीचं नाव लिहिलं, आणि पुढे स्वल्पविराम देऊन ‘दातिवरे’.