चाल संगीतकाराची, कागद अरेंजरचा

जुनं हिंदी गाणं गुणगुणताना आपण फक्त मुखडा-अंतरा म्हणत नाही. दोन कडव्यांमधला व्हायोलिनांचा तुकडाही आपसूक तोंडात येतो. तो घेतल्याशिवाय पुढची ओळ सुरूच होत नाही. हा तुकडा कागदावर कोणी उतरवला, याचा माग काढत गेलं की फार वेळा आपण गोव्यात पोचतो.

उदाहरणार्थ, माजोर्ड्यात. अँथनी गोन्साल्विस १९२७ साली तिथे जन्मले. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलं स्वरलिपी वाचायला शिकत, व्हायोलिन वाजवत. मुंबईच्या स्टुडिओंना नेमकं हेच हवं होतं. संगीतकार पेटीवर चाल बांधायचे, पण वाद्यवृंदातल्या प्रत्येकानं कोणत्या क्षणी काय वाजवायचं, हे तोंडी कसं सांगणार? तिथे अरेंजर लागायचा. अँथनी, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सगळे गोव्याचे.

त्यांच्या टेबलावर काय चालायचं बघा. गायिकेची पट्टी काळी एक. व्हायोलिनच्या कागदावर सा काळी एकचाच. ट्रम्पेट मात्र लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली बोलतो, म्हणून त्याच्या कागदावर सा लिहायचा काळी दोनवर, तेव्हा तो कानाला काळी एक ऐकू येतो. व्हायोलाची लिपी आणखी निराळी. आणि हे सगळे कागद एकत्र वाजल्यावर कसे लागतील, ते एकही वाद्य वाजण्याआधी अरेंजरच्या मनात वाजून झालेलं असायचं! मला यापुढे हात जोडावेसे वाटतात. शिवाय प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घ्यायची सोय नव्हती. गायक, वादक एकाच टेकमध्ये. एक चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

खरा पेच तर याहून खोल होता. आपलं संगीत एका सुरावटीचं, पाश्चात्य वाद्यवृंद कॉर्डवर उभा. साधी कॉर्ड मागते सा, ग, प. आणि मालकंसात तर पंचमच वर्ज्य! कॉर्ड सरसकट लावत गेलं तर राग मोडतो. संगीतकार शंकर-जयकिशनकडे काम करताना सेबॅस्टियन यांनी ज्या वाटेवर कमाल केली ती ऑब्लिगातोची: गायक गात असतानाच खालून वाहणारी व्हायोलिनांची दुसरी चाल. ती गाण्याला अडवत नाही, नुसती सोबतही करत नाही, तिला स्वतःचं म्हणणं असतं. हेडफोन लावून एकदा फक्त तिच्याच मागे जा. शंभरदा ऐकलेलं गाणं नवं वाटतं.

अँथनींकडे व्हायोलिन शिकलेल्या संगीतकार प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) गुरूचं पूर्ण नाव गाण्यात आणलं आणि ते देशभर पोचलं. पण अँथनींची खरी झेप त्याआधीची आहे. १९५८ साली त्यांनी स्टुडिओतले वादक जमवून ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. पडद्यावर कोणतंही दृश्य नाही, कोणत्या नायिकेसाठी तीन मिनिटांचं बंधन नाही. रागांवर बेतलेल्या रचना, पूर्ण वाद्यवृंदासाठी, आणि या वेळी चालही अँथनींचीच.