पोट मिटले, पुढे?

दर ३० ते ५० हजार जन्मांमागे एखादे बाळ ओटीपोट उघडे घेऊन जन्माला येते. बेंबीच्या खाली लालभडक, ओलसर भाग दिसतो. ती त्याची लघवीची पिशवी. ती मिटलेलीच नसते. आतले अस्तर बाहेर आलेले असते आणि लघवी थेंबाथेंबाने पोटावर पाझरत राहते. ‘ब्लॅडर एक्स्ट्रॉफी’ हे या जन्मदोषाचे नाव. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून तो होत नाही, हे बाळंतिणीला पहिल्याच दिवशी कुणीतरी ठामपणे सांगायला हवे.

पूर्वी पिशवी वाचवण्याचा विचार करणेच अवघड होते. लंडनच्या जॉन सायमन यांनी १८५२ मध्ये मूत्रवाहिन्या गुदाशयाकडे वळवल्याची नोंद प्रसिद्ध केली. लघवी शौचावाटे जाऊ लागली, पण जंतुसंसर्ग मूत्रपिंडांपर्यंत चढे. अशा शस्त्रक्रियेनंतर जगलेल्यांपैकी काहींना पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोगही झाला.

आज शल्यविशारद पिशवी शिवून पोटात बसवतात. समोरून फाकलेली कमरेची हाडे जवळ आणतात. गरज पडल्यास त्यासाठी ती कापावीही लागतात. अमेरिकेत रॉबर्ट जेफ्स यांनी टप्प्याटप्प्याने दुरुस्तीची पद्धत रुजवली, तर मायकेल मिशेल यांनी पिशवी आणि मूत्रमार्ग एकाच वेळी दुरुस्त करण्याची.

पोट मिटले तरी मूल कोरडे राहीलच असे नाही. पिशवी लहान आणि ताठर राहिली तर ती आतड्याचा तुकडा जोडून मोठी करतात. मग ती रिकामी कशी करायची? १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस यांनी दाखवले की, निर्जंतुक नव्हे, नुसती स्वच्छ नळी ठरावीक वेळाने घातली तरी चालते. १९८० मध्ये फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी अपेंडिक्सचीच वाट करून तिचे एक तोंड पिशवीत आणि दुसरे पोटावर उघडले. ही वाट बेंबीतही काढता येते. त्यातून मूल स्वतःच्या हाताने नळी घालते.

असा दोष विरळा, म्हणून एकेका शल्यविशारदाच्या वाट्याला येणारी मुलेही मोजकीच. त्यावर अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलने मार्ग काढला. २००९ पासून तेथील बालशल्यविशारद आणि फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील डॉ. असीम शुक्ल यांच्यासारखे परदेशी सहकारी एकत्र शस्त्रक्रिया करतात. आधी शस्त्रक्रिया झालेली मुलेही तपासणीसाठी पुन्हा बोलावली जातात, कारण काय साधले आणि काय फसले हे काही वर्षांनीच कळते.

खरे काम शस्त्रक्रियेनंतरच्या या वर्षांतच आहे. आतडे जोडलेल्या पिशवीत चिकट स्राव साठतो. ती धुतली नाही तर खडे होतात. मूत्रपिंडांची सोनोग्राफी वर्षानुवर्षे करावी लागते. आणि शाळेत दर तीन-चार तासांनी नळी घालायची तर कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह हवे आणि न विचारता वर्गाबाहेर जाऊ देणारे शिक्षक हवेत. ही सोय करून देणे शाळेच्या हातात आहे. त्यासाठी डॉक्टरांची एक चिठ्ठी पुरेशी ठरावी.