गॅस खाली बसतो आणि आपण खालीच झोपतो



नर्स असताना मी जळीत रुग्णांच्या वॉर्डात ड्युटी केली आहे. एका पहाटे वस्तीतली एक माय दाखल झाली. घर एका खोलीचं, पत्र्याचं. शेगडी जमिनीवर, शेजारी टाकी आणि दोन हातांवर लेकरांची अंथरुणं. रात्री रेग्युलेटर बंद करायचं राहून गेलं होतं. पहाटे उठल्यावर तिला वास आला. काय झालं ते बघावं म्हणून तिने लाईटचं बटण दाबलं आणि भडका उडाला. नंतर ती मला म्हणाली, "सिस्टर, बटणानं पेट घेतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं बघा."

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आपल्या निलंग्याच्या वस्त्यांमध्येही टाक्या आल्या. चुलीचा धूर कमी झाला, हे चांगलंच झालं. पण टाकी कुठे ठेवायची, शेगडी कशी मांडायची, हे नीट समजावून सांगणारं फारसं कुणी आलं नाही. म्हणून आज त्याविषयी.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळाला की तो धुरासारखा वर जात नाही. पाण्यासारखा खाली बसतो, जमिनीवर पसरतो, न्हाणीत आणि गटारात साचतो. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. तो वास हाच आपला पहारेकरी.

मांडणी अशी करा

शेगडी टाकीच्या डोक्यापेक्षा उंचावर हवी, म्हणजे खाली साचलेला गॅस एकदम ज्योतीपर्यंत पोचत नाही. ओटा नसेल तर दोन्ही बाजूंना विटा रचून वर शहाबादी फरशी टाका. अडीच फूट उंची पुरते. बसून स्वयंपाक करायची सवय मोडणं जड जातं, पण हा बदल कराच.

टाकी नेहमी उभी ठेवा. आत गॅस पातळ रूपात दाबून भरलेला असतो. टाकी आडवी केली तर तो पातळ गॅसच नळीत येतो. टाकी बंद कपाटात किंवा खड्ड्यात ठेवू नका. थंडीत दाराखालची फट पोत्याने बुजवू नका. गळालेला गॅस बाहेर जायची वाट तीच असते. अंथरुणं टाकीपासून जमेल तेवढी लांब घाला.

नळी आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरच्या आतली असावी. पाच वर्षं झाली की बदला. चिरली, कडक झाली, उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी बदला. चिकटपट्टी लावून चालवू नका.

टाकी घेताना

गल्लीच्या तोंडाशी टाकी उतरवून माणूस निघून जात असेल तर त्याला थांबवा. वजन करून आणि गळती तपासून घेणं हा आपला हक्क आहे. टाकीवर लिहिलेल्या रिकाम्या वजनात १४.२ किलो मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. टाकीच्या वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. म्हणजे 'बी २७' असेल तर त्या टाकीच्या तपासणीची मुदत जून २०२७ पर्यंत. मुदत गेलेली टाकी परत करा.

जोडल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच बघू नका. मोठ्या टाकीतून छोटी टाकी भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. पाच किलोची अधिकृत टाकी एजन्सीकडे मिळते.

रोज झोपताना आधी रेग्युलेटर बंद करा, मग शेगडीचं बटण. सकाळी वंदनेची मेणबत्ती किंवा अगरबत्ती लावण्याआधी दार उघडा, वास घ्या, मगच काडी ओढा.

वास आला तर

लाईटचं बटण लावू नका आणि बंदही करू नका. दोन्हींत ठिणगी पडते. दिवा, मेणबत्ती, विडी विझवा. रेग्युलेटर बंद करा, जमत असेल तर तो काढून टाकीला टोपी लावा. दारं-खिडक्या उघडा, लेकरांना, म्हाताऱ्यांना बाहेर काढा. बाहेर आल्यावरच १९०६ वर फोन करा. हा नंबर चोवीस तास चालतो.

वास न येणारं विष

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात आणि वारं लागू नये म्हणून दार लावतात. बंद खोलीत कोळसा किंवा गॅस जळत राहिला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. घरात सगळ्यांचंच डोकं दुखायला लागलं, मळमळ, चक्कर आली तर आधी उघड्यावर या. ऊब पांघरुणाने द्या. पेटती शेगडी घेऊन कुणी झोपू नका. गॅसची ज्योत निळी हवी. पिवळी झाली, भांडं काळं पडू लागलं तर बर्नर साफ करा.

भाजलं तर

पेटलेल्या माणसाला पळू देऊ नका. आडवं करून जाड सुती चादरीत किंवा घोंगडीत गुंडाळा. आग विझली की भाजलेल्या भागावर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नका. त्याने जखम चिघळते आणि दवाखान्यात ते सगळं पुन्हा काढावं लागतं. स्वच्छ कपड्याने झाका आणि १०८ ला फोन करा.

अपघात झालाच तर एजन्सीला आणि पोलिसांना लगेच लेखी कळवा. नोंदणी असलेल्या ग्राहकांसाठी तेल कंपन्यांचा विमा असतो. त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. कनेक्शनचा कागद जपून ठेवा.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर हे पान मोठ्याने वाचा. मग दोघी-तिघींनी मिळून वस्तीतल्या प्रत्येक घरातली नळी बघून या. तासाभराचं काम आहे.