भिंतभर चिठ्ठ्या लागल्या म्हणजे डिझाईन झालं?

बँकेचं अ‍ॅप असो की दवाखान्यातली केसपेपरची खिडकी, काही नव्यानं करायचं ठरलं की आजकाल आधी कार्यशाळा भरते. या अल्पमुदतीच्या सामूहिक कार्यशाळांचा सर्वांत गाजलेला प्रकार म्हणजे ‘डिझाईन स्प्रिंट’. जेक नॅप यांनी २०१० मध्ये गूगलमध्ये त्याची सुरुवात केली, पुढे गूगल व्हेंचर्समध्ये ती पद्धत पक्की झाली आणि २०१६ मध्ये ‘स्प्रिंट’ या पुस्तकामुळे जगभर पसरली. तिच्यासोबत गैरसमजही पसरले.

गैरसमज १ : पाच दिवसांत वस्तू तयार होऊन बाहेर पडते.
वस्तुस्थिती : तयार होतो तो फक्त नमुना. सोमवारी प्रश्न समजून घ्यायचा, मंगळवारी उपाय कागदावर उतरवायचे, बुधवारी एक निवडायचा, गुरुवारी नमुना करायचा आणि शुक्रवारी तो लोकांपुढे ठेवायचा. कॅलिफोर्नियातल्या सॅव्हिओक कंपनीनं हॉटेलच्या खोल्यांपर्यंत सामान पोचवणारा यंत्रमानव बनवला होता. पाहुण्यांना तो कसा वाटेल, हा त्यांच्या स्प्रिंटचा प्रश्न. त्यांनी यंत्रमानवाचा टचस्क्रीन आयपॅडवर उभा केला आणि आयपॅडच त्याच्यावर बसवला. त्याच्या हालचाली बसवायला प्लेस्टेशनचा रिमोट वापरला. शुक्रवारी तो खऱ्या हॉटेलात पाहुण्यांच्या दारात टूथब्रश घेऊन गेला आणि तो देऊन झाल्यावर छोटासा नाच करून परतला. पाहुणे खूश झाले. आठवड्याची कमाई एवढीच, पण पुढचा खर्च योग्य दिशेनं करायला ती पुरेशी होती.

गैरसमज २ : जितकी जास्त माणसं, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : सात किंवा त्याहून कमी, असं ही पद्धत सांगते. त्यात अंतिम निर्णय घेणारी व्यक्ती हवीच. साहेब उद्घाटनाला येऊन गेले आणि निकाल ऐकायला परतले, तर बुधवारचा निर्णय सोमवारी पुन्हा उकरला जातो. केसपेपरचा विषय असेल तर अधिष्ठात्यांइतकाच खिडकीमागचा कारकूनही महत्त्वाचा. रांग नेमकी कुठं अडते, हे त्यालाच ठाऊक असतं. बाकीच्या जाणकारांना सोमवारी दुपारी थोड्या वेळासाठी बोलवावं.

गैरसमज ३ : सगळ्यांनी मिळून मोठ्यानं बोललं की जास्त सुचतं.
वस्तुस्थिती : अलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात-तज्ज्ञानं ही समजूत रुजवली. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या प्रयोगात उलटंच दिसलं. वेगवेगळं बसून विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जास्त भरल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या मानसशास्त्रज्ञांनी त्याचं एक मोठं कारण दाखवलं : एक जण बोलत असताना बाकीचे आपल्या पाळीची वाट पाहत राहतात आणि सुचलेलं हातचं निसटतं. म्हणूनच स्प्रिंटमध्ये प्रत्येक जण गप्प बसून आपापला उपाय कागदावर मांडतो. कागद नावाशिवाय भिंतीवर लागतात आणि सगळे न बोलता ठिपके चिकटवून पसंती देतात. कल्पना साहेबांची की शिकाऊ मुलीची, हे तोवर कुणालाच कळत नाही.

गैरसमज ४ : चित्र काढता यायला हवं.
वस्तुस्थिती : चौकोन, बाण आणि वाचता येतील असे शब्द पुरतात. ‘क्रेझी एट्स’ नावाच्या सरावात आठ मिनिटांत आठ रेखाटनं करायची असतात. तिथं सुबकपणाला सवडच नसते.

गैरसमज ५ : पाच जणांवर केलेली चाचणी म्हणजे पोरखेळ.
वस्तुस्थिती : प्रश्न कोणता, त्यावर ते ठरतं. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर या संशोधकांच्या गणितानुसार एका वापरणाऱ्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत असतील, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के उघड होतात. मात्र पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे हवेत. शिकलेला तरुण आणि चष्मा घरी विसरलेल्या आजी यांचे गट वेगळे धरावे लागतात. शिवाय वस्तू किती खपेल, हे पाच जणांवरून मुळीच सांगता येत नाही.

गैरसमज ६ : कार्यशाळा संपली की काम संपलं.
वस्तुस्थिती : बहुतेक कार्यशाळा फसतात त्या आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात. प्रश्न एका वाक्यात लिहिलेला नसतो, चाचणीसाठी माणसं ठरलेली नसतात आणि शेवटच्या दिवशी चिठ्ठ्यांचे फोटो काढून सगळे पांगतात.

तेव्हा पुढच्या कार्यशाळेचं निमंत्रण आलं तर आयोजकांना तीन गोष्टी आधीच विचारा : प्रश्न नेमका कोणता, निर्णय कोण घेणार आणि नमुना कुणाला दाखवणार? उत्तरं मिळाली नाहीत, तर ती मिळेपर्यंत तारीख पुढं ढकलायला सांगा.