तीन सुयांचे भांडवल

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मुलखात वसाहत करावयास गेलेल्या लोकांचे नाव काढले म्हणजे खांद्यावर बंदूक टाकलेला घोडेस्वार पुरुषच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु बैलगाड्यांच्या त्या तांड्यांतून स्त्रियाही गेल्या, आणि त्यांत विधवाही होत्या. अशा एखाद्या विधवा पूर्वजेचे नाव पुढच्या पिढ्यांना पुष्कळदा घरच्या बायबलातील जन्ममृत्यूच्या टिपणापुरतेच ठाऊक असते. टॅबिथाबाई ब्राऊन या त्याला अपवाद होत. कारण १८५४ साली पूर्वेकडील आप्तांना पाठविलेल्या एका दीर्घ पत्रात त्यांनी आपली हकीकत स्वतः लिहून ठेविली.

टॅबिथाबाईंचा जन्म १७८० साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रिमफील्ड या गावी झाला. त्यांचे पती क्लार्क ब्राऊन हे धर्मोपदेशक होते. ते १८१७ साली वारले. पदरी तीन मुले होती. त्या काळी इंग्लंडकडून आलेल्या कायद्याप्रमाणे विधवेला पतीच्या स्थावर मिळकतीच्या एकतृतीयांशावर, तोही केवळ हयातीपुरता, हक्क मिळे. उपदेशकाच्या घरी मुळात मिळकत ती किती असणार! बाईंनी शाळा घालून मुलांना वाढविले आणि पुढे त्या मिसूरी राज्यात जाऊन राहिल्या.

१८४६ साली मुलगा व मुलीचे कुटुंब ऑरेगॉनला निघाले, तेव्हा बाईंचे वय सहासष्ट वर्षांचे होते. त्या काठी टेकून चालत. तरीही स्वतःची गाडी व बैल सिद्ध करून त्या निघाल्या. बरोबर सत्त्याहत्तर वर्षांचे दीर, कॅप्टन जॉन ब्राऊन, होते. वाट सुमारे दोन हजार मैलांची. बैल दिवसाकाठी बारापंधरा मैल चालत, म्हणून एप्रिलमध्ये निघालेला तांडा पाऊस व बर्फ यांच्या आधी पोहोचणे हाच जीवनमरणाचा प्रश्न असे.

नेमका येथेच घात झाला. मुलगा जुन्या वाटेने पुढे गेला होता. मागून येणाऱ्या या मंडळींनी दक्षिणेकडून जाणारी एक नवी, जवळची म्हणून सांगितलेली वाट धरली. ती जवळची तर नव्हतीच, पण धड वाटही नव्हती. उम्प्क्वा पर्वतातील खिंडीत पावसाने चिखल झाला, गाड्या मोडल्या, बैल मेले, शिधा संपला. बाईंची गाडीही तेथेच गेली. पुढच्या लोकांना गाठण्यासाठी त्या व वृद्ध दीर घोड्यांवरून पुढे निघाले. एका संध्याकाळी दीर मूर्च्छा येऊन पडले. बाईंनी गाडीवरचे कापड आडोशाला लावले, त्यांना आत निजविले आणि उजाडेपर्यंत ते जगतील की नाही या विवंचनेत ती रात्र अरण्यात एकटीने काढली. सकाळी माणसे भेटली, मांस मिळाले आणि म्हातारा वाचला. पुढे मुलगाही शिधा लादलेले घोडे घेऊन शोधीत आला. नाताळच्या दिवशी बाई सेलम येथे एका मेथॉडिस्ट उपदेशकाच्या घरी पोहोचल्या. कित्येक महिन्यांनी डोक्यावर छप्पर आले.

परंतु छपराचेही मोल द्यावे लागते. त्या घरचा संसार हिवाळाभर सांभाळावयाचा आणि त्याबद्दल स्वतःचे व दिरांचे जेवण घ्यावयाचे, असे ठरले. अशातच एके दिवशी हातमोज्याच्या बोटात त्यांना बटणासारखे काही लागले. काढून पाहतात तो सव्वासहा सेंटचे एक नाणे! त्या पैशातून त्यांनी तीन सुया घेतल्या. जुने कपडे मूळ रहिवासी स्त्रियांना देऊन बदल्यात हरणाचे कमावलेले कातडे घेतले आणि त्याचे हातमोजे शिवून विकले. तीस डॉलरांहून अधिक प्राप्ती झाली.

पुढच्या वर्षी त्या ट्वालाटिन मैदानात हार्वी क्लार्क या मिशनऱ्याच्या घरी राहिल्या. मार्गातच आईबाप गमावलेली मुले तेथे अनेक होती. त्यांच्यासाठी घर असावे, ही इच्छा त्यांनी बोलून दाखविली आणि १८४८ साली लाकडी ओंडक्यांच्या प्रार्थनागृहात शाळा सुरू झाली. शेजाऱ्यांनी मोडकी सुरीकाटे, पत्र्याची भांडी, जे देता आले ते दिले. ज्यांना ऐपत होती ते पालक आठवड्याला एक डॉलर देत; अनाथांना काही द्यावे लागत नसे. पुढे पंक्तीस चाळीस माणसे असताना पाच महिन्यांच्या आत आपण ३,४२३ पौंड पीठ स्वहस्ते मळले, असा हिशेब बाईंनी पत्रात दिला आहे. १८४९ साली या कार्यातूनच ट्वालाटिन अकादमीला सनद मिळाली. तीच पुढे पॅसिफिक विद्यापीठ झाली.

या काळात कायदा कोठे होता? १८५० च्या भूमिदान कायद्याने ऑरेगॉनमध्ये अविवाहित गोऱ्या पुरुषास ३२० एकर आणि विवाहित जोडप्यास ६४० एकर जमीन दिली. जोडप्याच्या जमिनीतील निम्मी पत्नीच्या नावे. ज्या विधवेने स्वतःच्या बळावर घर उभे केले, तिला तिच्या नावाने हक्क सांगण्याची त्यात तरतूद नव्हती. कुटुंबप्रमुख म्हणून विधवेलाही १६० एकर मागता येतील असा कायदा १८६२ साली झाला. टॅबिथाबाई १८५८ सालीच निवर्तल्या होत्या. आपले घर व जागा मुलांची मदत न घेता, त्या सव्वासहा सेंटांपासून कष्टाने मिळविली, हे त्यांनी अभिमानाने लिहिले ते म्हणूनच. १९८७ साली ऑरेगॉनच्या विधिमंडळाने त्यांना ‘ऑरेगॉनची माता’ म्हणून गौरविले.

तो गौरव यथायोग्यच होय. मात्र हिशेब पुरा करावयाचा तर आणखी एक नोंद हवी. ती भूमी कालापुया लोकांची होती. रोगराईने त्यांची संख्या आधीच फार घटली होती. १८५५ च्या तहानंतर उरलेल्यांना ग्रँड रोंड येथील राखीव प्रदेशात नेण्यात आले. ज्या कातड्यावर त्या तीन सुया चालल्या, ते कमावणाऱ्या स्त्रियांची नावे कोणत्याच पत्रात नाहीत. टॅबिथाबाईंचे धैर्य त्यामुळे उणे होत नाही; मात्र त्यांच्या भांडवलात आणखी कोणाचे हात होते, हे आपल्याला कळते.