पेट स्कॅनरमध्ये जोडी कशी जुळते?

मेडिकल इमेजिंगमध्ये संशोधन करायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर इमेज रिकन्स्ट्रक्शन किंवा एआय येतं. पण प्रतिमा तयार होण्याच्या कितीतरी आधी इलेक्ट्रॉनिक्स एक निर्णय घेऊन मोकळं झालेलं असतं: ही नोंद ठेवायची की टाकून द्यायची? टाकलेली नोंद पुढे कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणून आज पेट स्कॅनरमधला हा निर्णय समजून घेऊ.

रुग्णाला बहुतेकदा फ्लोरिन-१८ असलेलं द्रव्य टोचलेलं असतं. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन शरीरातल्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नष्ट होतात आणि प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन जवळपास विरुद्ध दिशांना सुटतात. कड्यासारख्या मांडलेल्या डिटेक्टरांपैकी दोघांनी ते पकडले, तर घटना त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली, एवढं कळतं.

प्रत्येक डिटेक्टरच्या पल्सला इलेक्ट्रॉनिक्स दोन प्रश्न विचारतं. ऊर्जा किती? फारच कमी असेल तर फोटॉन वाटेत विखुरला असावा, तो बाद. आणि वेळ कोणती? पल्सने ठरावीक पातळी ओलांडली तो क्षण टीडीसी नोंदवतो. दोन नोंदींमधला फरक ठरलेल्या खिडकीत बसला तरच जोडी मान्य.

मग खिडकी हवी तेवढी अरुंद का करायची नाही? प्रकाश १ नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. घटना केंद्रापासून ३० सेंटिमीटर बाजूला घडली, तर एका फोटॉनला ६० सेंटिमीटर जास्त अंतर कापावं लागतं, म्हणजे २ नॅनोसेकंद उशीर. त्यामुळे ६० सेंटिमीटर रुंदीच्या दृश्यक्षेत्रासाठी खिडकी किमान ±२ नॅनोसेकंद हवीच.

आता खरी अडचण बघा. दोन वेगळ्या घटनांमधले फोटॉनही योगायोगाने याच खिडकीत येतात. प्रत्येक डिटेक्टरवर सेकंदाला १०,००० नोंदी धरल्या, तर एका जोडीत अशा खोट्या जुळण्या होतात: ४ नॅनोसेकंद × १०,००० × १०,००० = सेकंदाला ०.४. हे किरकोळ वाटतं ना? पण अशा १ लाख जोड्या असतील तर सेकंदाला ४०,००० खोट्या नोंदी! शिवाय डोस दुप्पट केला तर खऱ्या जुळण्या साधारण दुप्पट होतात, खोट्या मात्र चौपट. म्हणजे डोस वाढवत नेला तर रुग्णाला किरणोत्सर्ग जास्त मिळतो, प्रतिमा मात्र त्या प्रमाणात सुधारत नाही.

टाइम-ऑफ-फ्लाइट पद्धतीत तर घड्याळाचं महत्त्व आणखी वाढतं. तिथे वेळेच्या फरकावरून घटना रेषेवर नेमकी कुठे घडली याचा अंदाज बांधतात, आणि १ नॅनोसेकंदाची चूक म्हणजे १५ सेंटिमीटरची चूक. केबलमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला साधारण २० सेंटिमीटर जातो. म्हणजे एका बाजूची केबल वीतभर लांब असली आणि तो फरक कॅलिब्रेशनमध्ये काढला नाही, तर यकृतातली गाठ शरीराच्या भलत्याच भागाकडे सरकू पाहील.

त्यामुळे पेटचा डेटासेट हातात आला की मॉडेल चालवायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या: वेळेची खिडकी किती होती, खोट्या जुळण्या कशा वजा केल्या, आणि डिटेक्टरांची घड्याळं कशी जुळवली. उत्तरं मिळत नसतील तर गाइडशी आधी त्यावरच बोला. तुमच्या निकालांची मर्यादा कदाचित तिथेच ठरलेली असेल.